भिंतीवरचा चौथा नियम

ओरलच्या तारखांचा कागद नोटीस बोर्डावर लागला की माझ्या पोटात गोळा येतो. परीक्षा पोरांची आणि गोळा माझ्या पोटात! वीस वर्षं झाली शिकवायला लागून, आता तरी सवय व्हायला हवी होती, पण छे! कागद चिकटवताना तळहातांना घाम फुटतो आणि आमचे शिपाईमामा म्हणतात, "मॅडम, तुमीच बसताय काय परीक्षेला?" मी हसते. मामांना काय सांगू, की असल्याच एका एप्रिलात मी खरंच बसले होते परीक्षेला, आणि साफ नापास झाले होते. ते अजून कुणाला ठाऊक नाही. म्हणजे, नाही असं मी परवापरवापर्यंत समजत होते.

हा मोसमच मेला असा, की कुणाला टेकायला फुरसत नसते. अवसरी बुद्रुकला आमच्या रानात कांदा उपटून पडलेला असतो, काटायला बायका बसलेल्या असतात. घरात, कपड्यांत, माझ्या पर्समध्येसुद्धा कांद्याचा वास. सकाळी स्कूटी बाहेर काढली की आमचे हे बांधावरून ओरडतात, "मास्तरीणबाई, आज तरी सुट्टी टाका, दोन बाया कमी हायेत!" मी म्हणते, "अहो, माझी ओरल आहे." त्यावर त्यांचं ठरलेलं, "कांदा काय तुमच्या ओरलसाठी थांबतो व्हय?" मग रस्त्यानं गहू काढायचं अवजड मशीन पुढं, त्याच्या मागं ट्रॅक्टर, त्याच्या मागं तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली मी, आणि डोक्यात एकच रहाटगाडगं: बाहेरचे परीक्षक सर वेळेवर येतील ना, लाईट टिकेल ना, पोरांचे प्रोजेक्ट चालतील ना.

त्याच दिवसांत वर, डिंभे धरणाच्या पलीकडच्या डोंगरात, हिरड्याची घाई असते. हिरडा कोवळा असतानाच झाडावरून उतरवायचा, वेचायचा, उन्हात वाळवायचा. घरातलं कुणीही त्यातून सुटत नाही, इंजिनिअरिंगला असलेली पोरगीसुद्धा नाही. त्या वर्षी परीक्षेआधीच्या सुट्टीवरून सारिका परत आली तेव्हा तिच्या बोटांची टोकं काळी कुळकुळीत होती. मी विचारलं, "हे काय गं? पेन फुटलं का?" तर म्हणाली, "न्हाई मॅडम, हिरडा. जात न्हाई लवकर." आणि हात ओढणीखाली घेतले. मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली. चाळीस किलोमीटरवर राहते मी त्या डोंगरापासून, आणि मला हिरड्याचा रंग माहीत नव्हता.

सारिका म्हणजे शेवटच्या वर्षाची मुलगी. बोलायची थोडं. बेल्ह्याची, निरगुडसरची पोरं लॅबमध्ये कलकलाट करायची, एकमेकांना "ओ पावणं" म्हणून हाका मारायची. ही कोपऱ्यातल्या मशीनवर मान खाली घालून बसलेली. तिचा प्रोजेक्ट मात्र सगळ्यांत वेगळा. बाकीच्यांचं तेच ते, लायब्ररी नाहीतर हॉटेल बुकिंग. हिनं भाताच्या जुन्या बियाण्यांची नोंद घेतली होती. कुठल्या वाडीत कुणाच्या घरी रायभोग आहे, कुणाकडं जीरवेल उरलंय, ज्याला पाहिजे त्यानं नाव टाकून शोधायचं. तिच्या आईनं वाडीवाडीत फिरून विचारून आणलेली ती नावं होती. "मॅडम, म्हाताऱ्या माणसांबरोबर बियाणं बी जातंय," ती एकदा म्हणाली होती, आणि लगेच स्क्रीनकडं वळली होती.

पुढचं कळायचं तर एका फाईलबद्दल सांगायला हवं. वाचणाऱ्याला कॉम्प्युटरचं वावडं असेल तरी हरकत नाही, आपण लग्नाच्या मांडवात जाऊ. समजा, मांडवाच्या खांबाला एक यादी लावलीय. पाणी कोण देणार, भात कोण वाढणार, पाहुण्यांना पंगतीला कोण बसवणार, सगळं त्यावर. यादीत नाव नाही तो भाताचं पातेलं घेऊन उभा असला तरी त्याला कुणी विचारत नाही. जावामध्ये केलेली वेबसाइट पूर्वी अशीच चालायची. आत छोटे छोटे प्रोग्राम असतात, त्यांना सर्व्हलेट म्हणतात. कुणी काय काम करायचं ते सगळं एका फाईलमध्ये लिहायचं, तिचं नाव वेब-एक्सएमएल. पुढं रीत बदलली. प्रत्येक सर्व्हलेटनं आपलं काम आपल्याच डोक्यावर एका ओळीत लिहायचं, मी शोधणारा, मी नोंद करणारा. त्या ओळीला ॲनोटेशन म्हणतात. सर्व्हर, म्हणजे मांडवाचा कारभारी, सुरू होताना प्रत्येकाचं कपाळ वाचत जातो आणि कामं लावून देतो. यादी नसली तरी मांडव अडत नाही.

पण आमच्या लॅबमध्ये यादी होती. ती मीच केलेली. झालं काय, की जुन्या काळी त्या फाईलमध्ये एखादा कंस जरी राहिला तरी अख्खा प्रोजेक्ट झोपायचा, आणि ओरलच्या दिवशी पोरी मुसमुसून रडायच्या. मी वैतागून एक पक्की फाईल बनवली. पाच नावं ठरवून दिली, तुमच्या सर्व्हलेटला हीच नावं द्या आणि फाईलला हात लावू नका. पोरं त्याला सांगाडा म्हणायची. सिनियरच्या पेनड्राइव्हमधून ज्युनियरच्या पेनड्राइव्हमध्ये तो सांगाडा दरवर्षी उतरत गेला. कुणी आत डोकावून बघितलं नाही. मांडवातला कुळाचार मोडू नये, तसं.

आणि एका वर्षी मीच त्यात एक शब्द वाढवला. मशीन जुनी, सर्व्हर सुरू व्हायला तास लावतोय, बाहेरचे सर खुर्चीत बसलेले. सर्व्हर प्रत्येक फाईलचं कपाळ वाचत बसतो म्हणून उशीर होतोय हे मला कळलं, आणि मी यादीच्या माथ्यावर लिहिलं, मेटाडेटा-कम्प्लीट, ट्रू. म्हणजे सगळं या कागदावर आहे, याच्याबाहेर कुणाकडं बघू नये. सर्व्हर झटकन सुरू झाला. काय हुशार वाटलं होतं मला त्या दिवशी! मग मी ते विसरले. लॅबच्या भिंतीवर नियमांचा कागद लॅमिनेट करून लावला, त्यात चौथा नियम टाकला: वेब-एक्सएमएल काढू नये, बदलू नये. खाली माझी झोकदार सही.

आता परवा लॅबमध्ये सेकंड इयरच्या एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, वेब-एक्सएमएल म्हणजे काय असतं?" तिनं ती फाईल आयुष्यात बघितलेली नाही. मी उत्तर दिलं आणि बाहेर जाऊन पाणी प्यायले.

सारिका मार्चमध्ये माझ्याकडं आली होती. मी जर्नल तपासत होते, शंभरेक जर्नलांचा ढीग, लाल पेन, मान आखडलेली. ती म्हणाली, "मॅडम, घरच्या लॅपटॉपवर मी ती फाईल काढून टाकली. न्हाई लागत ती आता. ज्याचं त्याच्यावरच लिहिलंय. लई सुटसुटीत झालंय."

मी मान वर न करता म्हणाले, "सारिका, परीक्षा तोंडावर आली. आता नसते प्रयोग नकोत. लॅबच्या मशीनवर सांगाड्यातच टाकायचं. बाहेरचे सर ती फाईल बघतात."

"पण मॅडम, दोन्ही ठेवलं तर..."

"दोन्ही असलं तरी चालतं."

चालतं! किती ठणकावून सांगितलं मी. एरवी खरंच चालतं, यादीही वाचतात आणि कपाळही वाचतात. फक्त यादीच्या माथ्यावर तो शब्द नसला तर. मी पेन खाली ठेवून दोन मिनिटं फाईल उघडली असती तर संपलं असतं. ती दारापर्यंत गेली, वळली, म्हणाली, "मॅडम, नोकरीला निवडलंय त्या कंपनीनं सगळ्या वर्षांचे मिळून साठ टक्के मागितल्यात. माझं काठावर आलंय. ओरल चांगली गेली तर बसतंय." मी म्हणाले, "होईल गं सगळं नीट." असं बोलायला काय लागतं?

ओरलचा दिवस. दहा वाजताच पत्रा तापलेला, पंखे गरम हवा ढवळतायत, आणि अकराला लाईट गेली. यूपीएस पीं पीं करायला लागला. त्याचा तो आवाज आजही कुठं बँकेत, दवाखान्यात ऐकला तरी माझं अंग आक्रसतं. बाहेरून आलेले सर वाईट नव्हते हो. घामानं डबडबलेले, बारा पोरं अजून बाकी, परतीची गाडी धरायची. खुर्ची त्यांनी भिंतीला पाठ लावून ओढली. त्यांच्या डोक्यावर, वीतभर वर, माझा लॅमिनेट केलेला कागद. मी शेजारी.

सारिकाचा नंबर आला. तिनं शिस्तीत सगळं सांगाड्यात टाकलं होतं, सांगितलं होतं तसं; सर्व्हलेटची नावं मात्र यादीतली नव्हे, तिची तिचीच, दोन्ही चालतं म्हटलं होतं ना मी. पहिलं पान उघडलं. लोंब्यांनी वाकलेल्या भाताचा फोटो. सर म्हणाले, "वा, विषय वेगळा आहे!" माझा जीव भांड्यात पडला. मग तिनं शोधाचं बटण दाबलं.

फोर झीरो फोर. पान सापडत नाही.

"काय झालं?" सर म्हणाले.

"बघते सर."

पहिल्याच मिनिटाला मला कळलं. काही शोधावं लागलं नाही. तो शब्द जसाच्या तसा डोळ्यांपुढं आला, माझ्या हातचा. तिचे सगळे सर्व्हलेट कपाळावर नाव लिहून तयार उभे होते, आणि माझी यादी सर्व्हरला सांगत होती, इकडं तिकडं बघू नकोस.

सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "दहा मिनिटं देतो. त्यात चाललं तर ठीक, नाहीतर पुढचा नंबर."

तिनं स्पेलिंग तपासलं. सर्व्हर बंद केला, चालू केला. परत तेच. यूपीएस पीं पीं. बाहेर व्हरांड्यात बाकीची पोरं चिडीचूप, बातमी पोचलेली. मग तिनं ती फाईल उघडली. वरच्या ओळीवर तिचा माउस थांबला. तिनं हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडं बघितलं.

मी यूपीएसकडं बघितलं.

नियम आहे, घरच्या, म्हणजे कॉलेजातल्याच, परीक्षकानं मुलांना सांगायचं नसतं. मी तो नियम मनात घट्ट धरून बसले. पण खोटं कशाला बोलू? नियमाचं निमित्त होतं. त्या वर्षी विभागप्रमुखाची खुर्ची माझ्याकडं यायची होती, आणि बाहेरच्या माणसासमोर, माझ्या सहीच्या कागदाखाली बसून, "सर, ही चूक माझी आहे" असं म्हणायला माझी जीभ रेटेना. एक वाक्य. पाच शब्द. टेबलावर घड्याळाचा काटा फिरतोय, पोरीच्या साठ टक्क्यांचा जीव टांगणीला, आणि मी बया यूपीएसचा दिवा न्याहाळतेय.

तिनं पुन्हा सर्व्हर चालू केला. पुन्हा फोर झीरो फोर. पुन्हा माझ्याकडं बघितलं. असं किती वेळ चाललं देव जाणे. मग तिनं मान वळवली, फाईल निवडली आणि काढून टाकली. सर्व्हर सुरू केला. शोध. रायभोग. तीन घरांची नावं स्क्रीनवर आली.

सर घड्याळाकडं बघत म्हणाले, "चाललं. पण वेळ संपल्यावर." मग पुढं वाकले. "लागत नव्हती तर ही फाईल ठेवलीच कशाला? कुणी सांगितलं होतं?"

ती सरांच्या समोर बसली होती. तिच्या डोळ्यांसमोर, सरांच्या डोक्यावर, चौथा नियम होता. ठळक अक्षरांत, माझ्या सहीसकट. सरांनी मान वळवायचा अवकाश होता.

"कुणी न्हाई सर," सारिका म्हणाली. "जुन्या प्रोजेक्टातून आली. माझंच लक्ष नव्हतं."

सर माझ्याकडं वळले, "बघा मॅडम, सिनियरचं उचलायचं आणि आत काय आहे ते बघायचं नाही. दरवर्षीचं आहे हे."

आणि मी म्हणाले, "हो ना सर."

गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. हो ना सर! तीन शब्द, आणि तेही गोड आवाजात. आज इतक्या वर्षांनी कांदा निवडताना, भाकरी थापताना, ट्रॅक्टरमागं स्कूटीवर अडकलेली असताना ते शब्द मला ऐकू येतात आणि मी मोठ्यानं म्हणते, "शी!" आमचे हे विचारतात, "काय झालं?" मी म्हणते, काही नाही, डोळ्यात कांदा गेला.

संध्याकाळी गुणांचा तक्ता माझ्यापुढं आला. दोघांच्या सह्या लागतात त्यावर. तिच्या नावापुढचा आकडा मी वाचला. तिथंही बोलता आलं असतं, सर चहा पीत होते, निवांत होते. मी सही केली.

साठ टक्के थोडक्यात हुकले. कंपनीचं पत्र आलं, नियमात बसत नाही. मार्कशीट न्यायला ती आली तेव्हा तिच्याबरोबर तिची आई होती. आईनं पिशवीतून पानात बांधलेलं काहीतरी काढून माझ्या टेबलावर ठेवलं, "मॅडम, घरचं तांदूळ हायेत. तुमी लई शिकीवलं पोरीला." मी ते घेतले. शिजवायचं मात्र झालं नाही माझ्याच्यानं. जावेला देऊन टाकले. सारिका नुसतं "येते मॅडम" म्हणाली आणि गेली. पुढं कळलं, नारायणगावला एका शीतगृहात कॉम्प्युटरवर बसते. पुढं वर्षभरानं कळलं, पुण्याला नोकरी लागली. मला जरा बरं वाटलं. आपल्या पापाचं ओझं दुसऱ्याच्या कष्टानं हलकं झालं की बरं वाटतंच.

मी काय केलं? सुट्टीत लॅब रिकामी असताना तो कागद काढला आणि दुसरा लावला. चौथा नियम वगळून. सांगाड्यातली फाईलही काढली. जूनमध्ये कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि ती पोरगी माझ्याकडं का बघत होती याचं उत्तर मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. माझा नियम मोडायचा होता ना, म्हणून परवानगी मागत होती बिचारी. मी नाही म्हटलं नाही, हेच माझं हो होतं. अशी समजूत घालून मी इतके एप्रिल काढले.

पंधरा दिवसांपूर्वी निरगुडसरला एका विद्यार्थिनीच्या लग्नाला गेले होते. पंगतीत पान वाढलेलं, तेवढ्यात शेजारी येऊन कुणीतरी बसलं. "मॅडम, वळखलं का?"

सारिका. अंगावर चांगली साडी, चेहरा भरलेला. पुण्यात चार-पाच जणांची टीम आहे म्हणाली हाताखाली. आई बरी आहे, बियाण्यांची ती नोंद अजून चालू आहे, आता दोनशे घरं झालीत. मी ऐकत होते. मग मला राहवेना. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं. बाजूला बँड वाजत होता, वाढपी "भात, भात" करत फिरत होते, आणि मी म्हणाले, "सारिका, त्या दिवशी मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. तो शब्द मीच लिहिला होता. माझी चूक होती, आणि मी तुझ्यावर ढकलली."

"म्हाईत हाय मॅडम," ती म्हणाली. रागानं नाही. कुणी हवापाण्याचं बोलावं तसं.

"तू माझ्याकडं बघत होतीस. निदान मान तरी हलवायला हवी होती मी. फाईल काढायची परवानगी मागत होतीस तू, आणि मी..."

"परवानगी?" तिला खरंच नवल वाटलं. "न्हाई वो मॅडम. पहिल्यांदा फाईल उघडली तवाच मला ती वरची ओळ दिसली व्हती. काढायची हे तवाच कळलं."

"मग काढली का नाहीस लगेच? वेळ गेला गं तुझा! त्यातच तर मार्क गेले. कशाला थांबलीस?"

वाढपी भात घेऊन आला. तिनं हात आडवा धरून त्याला पुढं जायला सांगितलं.

"सरांच्या डोक्यावर तुमचा कागद व्हता ना मॅडम," ती म्हणाली. "मी फाईल काढली की ते विचारणारच, कुणी सांगितलं म्हणून. म्हटलं, त्याच्या आधी मॅडमला बोलायला थोडा वेळ द्यावा."